सुईण घालवली, आता मिडवाइफ आणताय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मे ला तुमच्या पेपरात परिचारिका दिनाचं अख्खं पान होतं. दरवर्षी असतं आणि दरवर्षी मी वाचते. क्रायमियाचं युद्ध, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, हातात दिवा, आणि खाली कुठल्यातरी हॉस्पिटलात केक कापतानाचा फोटो. नाइटिंगेलबाईंबद्दल मला आदर आहेच, १८६० साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली आणि नर्सिंग हे शिकून करायचं काम आहे, कुणीही करावं असं नाही, हे जगाला पटवलं. पण त्या बाई आयुष्यात एकदाही भारतात आल्या नाहीत हो. त्यांच्यावर पान भरता आणि त्या पानात एक मराठी नाव नाही, हे कसं काय? आणि ५ मे ला मिडवाइफचा, म्हणजे रीतसर शिकलेल्या सुईणीचा, दिवस असतो, त्या दिवशी तर तुमच्याकडे एक ओळसुद्धा नव्हती.

मी सातारा जिल्ह्यात एएनएम, म्हणजे गावच्या उपकेंद्राची नर्स, म्हणून लागले आणि एलएचव्ही, म्हणजे एएनएमवर देखरेख करणारी लेडी हेल्थ व्हिजिटर, होऊन रिटायर झाले. लिहायची सवय फक्त रजिस्टरची, त्यामुळे पत्र लांबलं तर कात्री लावा, पण मुद्दा कापू नका. मुद्दा असा की आपल्याकडे या धंद्याचा इतिहास कुणाला माहीत नाही म्हणूनच सरकार दर पंचवीस-तीस वर्षांनी तोच प्रयोग नव्या नावाने करतं आणि तुम्ही तो पहिल्यांदाच होतोय असं छापता. नुकतीच तुमच्याकडे बातमी होती की सरकारी दवाखान्यात आता परदेशासारख्या मिडवाइफ येणार. वाचून हसू आलं आणि रागही आला.

आधी नावाचं बोलते. नर्सिंगच्या पुस्तकात एक ओळ असते, १८९१ साली ट्रेनिंगला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणजे बाई काशीबाई गणपत. बास, संपलं. परीक्षेला एका मार्काला येते म्हणून पाठ करायची. मुंबईत त्या वेळी काय चाललं होतं ते बघितलं तर ती ओळ किती मोठी आहे ते कळतं. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि सांगितलं की या देशात बायकांना डॉक्टर बायकाच लागतात, कारण बाई मरेल पण पुरुष डॉक्टरला अंग दाखवणार नाही. ते पार इंग्लंडच्या राणीपर्यंत पोचलं म्हणतात. दुसऱ्याच वर्षी मुंबईत किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी फंड उभा केला आणि इंग्लंडहून एडिथ पेची या डॉक्टरीणबाई आल्या. आधी जाफर सुलेमान डिस्पेन्सरी, मग पेस्तनजी होरमसजी कामांच्या पैशातनं १८८६ साली कामा हॉस्पिटल. बायकांचं हॉस्पिटल, बायकाच डॉक्टर. तिथे पेचीबाईंनी नर्सेस तयार करायचं कामही सुरू केलं. रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन आल्यावर पहिल्यांदा तिथेच लागल्या.

त्याच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि त्यांचा प्रबंध कशावर होता माहितीये? आर्य हिंदूंमधल्या बाळंतपणावर. चौदाव्या वर्षी स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गेलेली पोरगी ती, दुसरा विषय कशाला घेईल. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डचं काम तिची वाट बघत होतं आणि १८८७ च्या फेब्रुवारीत ती गेली. आनंदीबाईंवर सिनेमा निघाला, सिरियल निघाली, चांगलंच झालं. रखमाबाईंवरही निघाला. पण डॉक्टर लिहून निघून गेल्यावर रात्रभर त्या बाळंतिणीपाशी कोण बसलं होतं, कपडा किती भिजला ते कोण बघत होतं, त्यांचं नाव कुठेच नाही. १८८५ ला व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी डफरिनने, काढलेल्या डफरिन फंडाच्या उद्देशात डॉक्टरांच्या बरोबरीने शिकलेल्या नर्स आणि दाया पुरवणं हे स्पष्ट लिहिलेलं होतं. आपण त्यातलं डॉक्टर तेवढं लक्षात ठेवलं.

पुण्याची गोष्ट तर याहून भारी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर ठेवून जावं. शाळेच्या भाषणात सावित्रीबाई येतात त्या पाटी-पुस्तकासकट, पण घरात परक्या बायकांची बाळंतपणं काढणारी सावित्रीबाई कुणी सांगतच नाही. बाळंतपण म्हणजे रक्त, घाण, वार, रात्री-बेरात्रीचं ओरडणं, आणि बाहेर गाव टपलेलं. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत त्याच घरात जन्मला. आणि १८९७ च्या प्लेगात पेशंट उचलून आणताना बाईंना स्वतःला प्लेग झाला, १० मार्चला गेल्या. कोरोनात पीपीई किट घालून आम्ही ज्याला भीत होतो ते काम त्यांनी नुसत्या लुगड्यावर केलं. परिचारिका दिनाच्या पानावर हा फोटो का नाही?

पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, आणि काही वर्षांतच तिथल्या मुली ससूनला नर्सिंग शिकायला जायला लागल्या. यात बऱ्याच विधवा होत्या, त्याही ब्राह्मण घरातल्या. आज वाचताना काय विशेष असं वाटेल, पण परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाचं बेडपॅन उचलायचं, रात्रपाळी करायची, हे त्या काळच्या पुण्याला पचणारं होतं का? टीका झाली, बाईंनी ती अंगावर घेतली, मुलींसाठी वसतिगृह काढलं आणि काम चालू ठेवलं. तोवर आपल्याकडे नर्स म्हणजे मड्डम नाहीतर ख्रिश्चन हेच समीकरण होतं, आणि त्याला कारण पण तसंच होतं, मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल असो नाहीतर नगरकडची मिशनची हॉस्पिटलं असोत, हे काम शिकायला पहिल्यांदा पुढे आल्या त्या ख्रिस्ती मुलीच. आपल्या लोकांनी त्यांना नावं ठेवली आणि आजारी पडल्यावर त्यांच्याच हातचं पाणी प्यायले. नंतर केरळच्या सिस्टर आल्या. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात जुन्या सिस्टरांची नावं विचारून बघा, निम्मी मल्याळी निघतील, आणि मराठी आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतील.

हे झालं हॉस्पिटलचं. पण ९० टक्के बाया हॉस्पिटलात जातच कुठे होत्या, त्यांचं बाळंतपण घरात आणि सुईणीच्या हातनं. आणि सुईण कोण असायची हे आपण सगळे जाणतो पण लिहीत नाही. बऱ्याच गावात मांगवाड्यातली म्हातारी, कुठे न्हावीण, कुठे महारवाड्यातली. एरवी जिची सावली चालायची नाही तिला रात्री कंदील घेऊन बोलवायला जायचे, ती माजघरात यायची, पाटलाचं पोर जगात पहिलं तिच्या हातात पडायचं, नाळ ती कापायची, वार ती पुरायची. मग पाचवीला सटवाईची पूजा झाली की पदरात पायलीभर धान्य, नारळ, जमलं तर लुगडं-चोळी, आणि पुन्हा ती ओट्याखाली. सगळ्यात कौशल्याचं काम सगळ्यात खालच्या मानलेल्या जातीकडे दिलं, कारण ते विटाळाचं. आमच्या या धंद्याला आजही जो मान नाही, अधिपरिचारिका म्हणून लागलेल्या बीएस्सी पोरीला नातेवाईक ए बाई म्हणून हाक मारतात, त्याचं मूळ इथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

आता कुणी म्हणेल बाई जुन्याचं गुणगान गातायत. नाही गात. नाळ विळ्याने कापलेली, बांबूच्या कापाने कापलेली, वर शेण नाहीतर राख लावलेली, हे माझ्या पिढीच्या एएनएमने स्वतः बघितलंय. आठव्या दिवशी मूल दूध ओढायचं बंद करायचं, अंग ताठ व्हायचं आणि जायचं. धनुर्वात. लोक म्हणायचे सटवी लागली. गरोदर बाईला धनुर्वाताची टीटीची इंजेक्शनं, स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी तो गेला, २०१५ साली भारत त्यातनं सुटला असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, आणि त्या कामात गावोगाव लसींचा थंड डबा घेऊन चालणाऱ्या एएनएमचे पाय झिजलेत.

पण मग हेही सांगा की घाण हात फक्त सुईणीचे नव्हते. व्हिएन्नातला सेमेलवाइस डॉक्टर नर्सिंगच्या पुस्तकात असतो. १८४६ साली तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा मिडवाइफचा. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकरा बाया बाळंतज्वराने मेल्या, मिडवाइफच्या विभागात तीनपेक्षा कमी. कारण हे लोक प्रेतं फाडून तसेच बाळंतिणीला तपासायला यायचे. त्याने १८४७ ला क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले तर मरण खाली आलं, आणि बक्षीस काय, तर त्यालाच वेड्यात काढलं. म्हणजे हात धुवायला डॉक्टरला पण शिकवावंच लागलं. डॉक्टर शिकला तर त्याला ठेवला, मग सुईणीला शिकवून का नाही ठेवली?

इंग्लंडने ठेवली. तिथे १९०२ साली मिडवाइफसाठी स्वतंत्र कायदा झाला, शिक्षण, नोंदणी, तपासणी, सगळं. त्यांच्याकडच्या गावठी दाया हळूहळू गेल्या पण त्यांच्या जागी शिकलेली मिडवाइफ उभी राहिली, आणि आजही तिथे साधं सरळ बाळंतपण मिडवाइफच करते, डॉक्टर अडलं तरच येतो. आणि त्याच इंग्रजांनी आपल्याकडे पुढच्याच वर्षी, १९०३ ला, काय केलं, तर व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी कर्झनबाईंनी, राणीच्या नावाने दायांच्या ट्रेनिंगसाठी फंड काढला. स्वतःच्या देशात कायदा आणि इथे देणगी. मुंबई इलाख्यात नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा यायला १९३५ उजाडलं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४६ ला देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा रिपोर्ट आला, त्यात आकडे आहेत ते बघून डोळे फिरतात. सगळ्या हिंदुस्तानात नर्स साधारण ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, आणि मिडवाइफ ५,०००, म्हणजे ६०,००० लोकांमागे एक. समितीने म्हटलं मिडवाइफ एक लाख पाहिजेत. मग १९५१ ला पंजाबात तरन तारनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. नावातच बघा, ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे मुख्य काम बाळंतपण हेच ठरलेलं. आमच्या आधीच्या पिढीतल्या बाया खरंच तसं काम करायच्या, सायकलवर, बैलगाडीत, चालत, गावातच राहायच्या आणि घरोघरी बाळंतपणं काढायच्या.

त्यानंतर जे झालं त्याच्यावर कुणीच लिहीत नाही. कुटुंब नियोजन आलं. टार्गेट आलं, आणीबाणीत तर नसबंदीच्या केस आणा नाहीतर पगार अडकेल. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने सांगितलं की वेगवेगळे कर्मचारी नकोत, सगळ्यांना बहुउद्देशीय करा, मग एएनएमचा कोर्स दोन वर्षांवरनं दीड वर्षावर आला आणि काम चौपट झालं. लसीकरण, सर्व्हे, तांबी, पाळणा लांबवा, मलेरिया, मीटिंग, रिपोर्ट. बहुउद्देशीय म्हणजे सगळ्यांच्या उद्देशाला वापरायची, आपला एक उद्देश नाही. बाळंतपण मागे पडत गेलं. कायद्यातही बघा, १९३५ च्या कायद्याच्या नावात मिडवाइफ होती, १९५४ च्या होती, १९६६ ला महाराष्ट्राचा कायदा आला त्याचं नाव नुसतं महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. सर्टिफिकेटवर आरएन-आरएम, म्हणजे रजिस्टर्ड नर्स-रजिस्टर्ड मिडवाइफ, छापतात पण त्यातल्या दुसऱ्या अर्ध्याचं पद सरकारी दवाखान्यात नाही. परिचारिका, परिसेविका, अधिसेविका, चढत जा, प्रसूतिगृहात तुमचा हात कितीही बसलेला असू दे, आज लेबर रूमला आणि उद्या बदली आयसीयूला. आणि मग वीस वर्षं नोकरी झालेल्या एएनएमला बोलवून २१ दिवसांचं बाळंतपणाचं ट्रेनिंग द्यायचं. मी केलंय ते. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, भरायला छान शिकवलं, नाही म्हणत नाही, पण उपकेंद्रात रात्री लाइट नाही, पाण्याची टाकी कोरडी, जोडीला दुसरं माणूस नाही, तो पार्टोग्राफ भरायचा कुणाचा?

सुईणीचंही तेच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारने दाई प्रशिक्षण काढलं, हजार वस्तीमागे एक दाई, ३० दिवस, ३०० रुपये आणि एक किट, त्यात साबण, ब्लेड, दोरा. पाच स्वच्छता आम्ही त्यांना शिकवायचो, हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. शिकवताना खरं सांगते आम्हीच शिकायचो. आमच्या केंद्रात एक म्हातारी यायची, सही येत नव्हती, ती पोटावर हात ठेवून सांगायची मूल पायाळू आहे, आत्ताच कराडला न्या, आणि तसंच निघायचं. घाई करायची नाही, बाईला फिरवायची, पाणी पाजायची, ओरडायची नाही. आज लेबर रूममध्ये बाईवर ओरडू नका म्हणून आम्हाला वेगळं प्रशिक्षण देतात! जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोने १९७० पासून अशाच अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या दलित बायकांना हाताशी धरून आरोग्याचं काम करून दाखवलं, गडचिरोलीत बंग पतीपत्नीने आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू खाली आणले, १९९९ ला ते लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलं. म्हणजे जमत होतं. पण सरकारने २००५ ला दवाखान्यातच बाळंतपण ही योजना आणली आणि दाई एका फटक्यात बाद. तिला सोबतीण म्हणून तरी घ्यायची होती.

योजना चुकीची होती असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ ला देशात शंभरातल्या २६ बाया दवाखान्यात बाळंत व्हायच्या, २०१९-२१ ला ८८ च्या वर गेल्या, महाराष्ट्रात तर ९४ च्या पुढे. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० ला लाखामागे ३३ वर आला, केरळनंतर तेव्हा आपलाच नंबर होता. हे काम झालं आणि ते आशाताई, एएनएम, १०८ चे ड्रायव्हर, सगळ्यांनी केलं. पण २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत हे पण आहे की देशातल्या खाजगी हॉस्पिटलात शंभरातली ४७ बाळंतपणं सिझर होतात. निम्म्या बायांचं पोट फाडल्याशिवाय मूल येत नाही? डॉक्टरला चार तास थांबायला वेळ नाही, आणि थांबणारी बाई आपण व्यवस्थेतनं काढून टाकली, दुसरं काय.

म्हणून आता २०१८ ला केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, नर्सला १८ महिन्यांचं जादा शिक्षण देऊन नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ करायचं, मिडवाइफ चालवतील असे प्रसूती विभाग काढायचे. तेलंगणाने त्याच्याही आधी हे काम हातात घेतलं होतं. २०२३ ला नवा राष्ट्रीय कायदा आला, त्याच्या नावात नर्सिंगसोबत मिडवायफरी परत आली. आनंद आहे. पण माझे साधे प्रश्न आहेत आणि तुमच्या वार्ताहराने ते आरोग्य खात्याला विचारावेत. या शिकलेल्या पोरींसाठी मिडवाइफ असं मंजूर पद निघणार आहे का, का दीड वर्ष शिकून परत जनरल वॉर्डला पाठवणार? पदावर कायम घेणार का बाह्यस्रोत कंपनीमार्फत? त्याच बाह्यस्रोत भरतीविरुद्ध २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, तेव्हा तुमच्या पेपराने रुग्णांचे हाल एवढंच छापलं होतं. साधं बाळंतपण मिडवाइफने स्वतःच्या सहीने करायचं का नाही, आणि काही बिघडलं तर खातं तिच्या पाठीशी उभं राहणार का, का पहिली सस्पेंड तीच? आणि उपकेंद्रातल्या एएनएमच्या मानेवरची ऑनलाइन एंट्री कमी करणार का?

आणि तुम्हाला एक मागणी. पुढच्या मे महिन्यात ५ ते १२ असं आठवडाभर रोज थोडी जागा द्या. कामा, ससून, मिरज, परळचं वाडिया, सेवासदन, १९६४ पासूनचं एसएनडीटीचं नर्सिंग कॉलेज, इथे कपाटात जुनी रजिस्टरं, बॅचचे फोटो, मेट्रनच्या नोंदी पडून असतील, एक पोरगा नाहीतर पोरगी पाठवून त्या बघून घ्या. वाचकांनाही आवाहन करा, कुणाच्या आजीचं जुनं मिडवाइफचं सर्टिफिकेट असेल, कुणाच्या गावात सुईण अजून असेल, नव्वदीच्या आसपासच्या काही आहेत अजून, त्यांना बोलतं करा, पण फोटो काढून कौतुक नको, त्यांनी काय काय केलं ते नीट लिहून घ्या, कुठल्या वेळी काय बघायच्या, कधी दवाखान्यात पाठवायच्या. आमच्या भागातल्या दोघी-तिघींपर्यंत मी स्वतः घेऊन जाईन, जेवण माझ्याकडे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त एलएचव्ही, कराड तालुका
(नाव-पत्ता सोबत वेगळा दिलाय, छापू नये)